हौसाबाईंची स्वखुशी

भिवंडीजवळच्या दापोड्यात लग्न होऊन आल्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी जुनी माणसं हौसाबाई तरे यांना अजून 'अकलोलीवाली'च म्हणतात. माहेर अकलोली, तानसा नदीच्या काठचं, त्यामुळे त्यांना पोहता यायचं, आणि सासरी आल्यावर ते त्यांनी लपवलं नाही. तळ्यावर कपडे धुवायला गेल्या की भावकीतल्या पोरांना पाण्यात घ्यायच्या, पोटाखाली हात धरून हातपाय मारायला लावायच्या. नवी सून असं करते म्हणून सासूनं शिव्या घातल्या, मग तिनंच कंटाळून सोडून दिलं. त्या पोरांत सगळ्यात भित्रा होता चुलत दीर केसरीनाथ. सहा-सात वर्षांचा असेल. "वयनी, हात काढू नको," म्हणून ओरडायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तळ्यावर हजर असायचा.

पुढे दापोड्याची भातशेती गेली आणि गोदामं आली. हौसाबाईंना त्याचं फार दुःख झालं असं नाही. चिखलात कंबर मोडून लावणी केलेल्या बाईला गोदामाचं भाडं वाईट का वाटेल? त्यांनी घर बांधलं, कपडे धुवायचं मशीन घेतलं, मुलाचं, दीपेशचं, लग्न केलं. नवरा गेल्यावर मात्र दुपार खायला उठू लागली. मग दोन गोदामांच्या मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी भाड्याने न देता उरली होती, तिथे त्यांनी वांगी, मुळा, थंडीत वाल असं लावायला सुरुवात केली. विकायचं नव्हतंच. शेजारीपाजारी वाटायचं.

त्या पट्टीवर जायची वाट केसरीनाथच्या गोदामाला लागून होती. केसरीनाथ आता पंचेचाळीस-पन्नाशीचा, ट्रान्सपोर्टचा धंदा असलेला, गावात चार माणसांत बसणारा. त्याचे ट्रेलर त्या वाटेवर उभे राहायचे. हौसाबाई रोज ओरडायच्या, रोज ड्रायव्हर गाडी थोडी पुढे घ्यायचा. हे इतकं रोजचं झालं होतं की कोणाला त्यात भांडण वाटत नव्हतं.

करोनानंतरच्या वर्षातली गोष्ट. एका सकाळी हौसाबाई वांग्यांची टोपली घेऊन ट्रेलरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि हटेनात. माल वेळेवर पोचवायचा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. केसरीनाथ मोटरसायकलवरून आला, उतरला, बोलाचाली झाली. मग त्याने दोन्ही हातांनी त्यांना खांद्याला धरून ढकललं. त्या गटाराच्या काँक्रीटच्या कडेवर पडल्या. उजवं मनगट अंगाखाली सापडलं.

केसरीनाथनं बघितलं. हौसाबाईंना ते नीट आठवतं. त्यानं त्यांच्या हाताकडे बघितलं, मग गाडीला किक मारली आणि निघून गेला. माल उतरवणारा एक बिहारी हमाल धावत आला. "अम्मा, उठो, मैं हूँ ना," म्हणत त्यानं त्यांना रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. त्यांनी सांगितलं. नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं गेलं, पोलीस जबाब घ्यायला आला, आणि खरं होतं तेच त्यांनी त्यालाही सांगितलं. अशी केस उभी राहिली: मारहाण करून हाड मोडल्याची.

केसरीनाथनं पोलिसांना सांगितलं की बाई पाय घसरून पडली. गावातही तेच पसरलं. ड्रायव्हर कामावरचा माणूस, तो काय वेगळं बोलणार. हमाल दुसऱ्याच आठवड्यात दुसरीकडे कामाला गेला. हौसाबाई सांगत राहिल्या, पण वय झालेल्या बाईचं पडणं हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं, आणि केसरीनाथनं वयनीला ढकलणं हे पटायला जड होतं. दीपेशसुद्धा म्हणाला, "आई, भांडताना धक्का लागला असंल." दीपेशच्या दोन गाड्या केसरीनाथच्याच धंद्याला लावलेल्या होत्या. हौसाबाईंनी मुलाला पुन्हा समजावलं नाही.

हाताला प्लास्टर घातलं, हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळेना. तांदळाची भाकरी थापताना हात फिरावा लागतो, तो फिरत नव्हता. भाकऱ्या सुनेकडे गेल्या. तारखा पडत राहिल्या.

तीन वर्षं अशी गेली. मग केसरीनाथची मुलगी पूर्वी हिचं लग्न मानकोली गावातल्या एका घरात ठरलं, आणि मुलाकडच्यांनी विचारलं की तुमच्यावर कसली केस आहे म्हणतात. तेव्हा गावाला एकदम आठवलं की ही केस मिटवायला हवी. लडकूशेठ हे भावकीतले वडीलधारे. ते चारपाच माणसं घेऊन हौसाबाईंच्या ओटीवर आले.

"हौसा, पोरीचा लगीन हाय. आपलीच पोर. आता किती ताणायचा?"

दीपेश बाजूला उभा राहून मान हलवत होता. केसरीनाथ आला नव्हता. हौसाबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्या सोलतच राहिल्या. तुम्हाला चालेल का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. चहा झाला, माणसं उठली, आणि गावात बातमी गेली की अकलोलीवालीनं मिटवायचं कबूल केलं.

केसरीनाथची वकील सुनीती जोगळेकर हिनं तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं निवेदन, तयार केलं. सुनीती भिवंडीतल्या जुन्या घरातली, वडील शाळेत शिक्षक होते. ती प्रामाणिक बाई होती. कोर्टाच्या आवारात तिनं हौसाबाईंना सगळं वाचून दाखवलं. हाड मोडल्याचा हा गुन्हा मिटवता येतो, पण फक्त ज्याला मार लागला त्यालाच मिटवता येतो, आणि त्याला कोर्टाची परवानगी लागते. न्यायाधीश मॅडम विचारतील की स्वखुशीनं करताय का, कोणाचा दबाव नाही ना. "तेव्हा जे असेल ते सांगा," सुनीती म्हणाली. लडकूशेठ लगेच म्हणाले, "न्हाय म्हनायचा. बस."

न्यायाधीश मॅडम तरुण होत्या. पुकारा झाला, हौसाबाई पुढे गेल्या. मॅडमनी कागद वाचला, वर बघितलं.

"हौसाबाई, हे तुम्ही स्वखुशीने करताय ना? कोणाचा दबाव नाही ना?"

हौसाबाईंनी विचारलं, "दबाव म्हंजी काय, सायेब?"

मागे कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "तुमच्या मनात नसताना कोणी तुम्हाला हे करायला लावतंय का?"

"मंग हाय," हौसाबाई म्हणाल्या.

सुनीतीनं हातातलं पेन खाली ठेवलं. मॅडमनी विचारलं, "कोणाचा?"

हौसाबाईंनी मागे वळून बघितलं. लडकूशेठ होते, दीपेश होता, आरोपीच्या जागी केसरीनाथ खाली बघत उभा होता. "एकाचा नाव घ्यायसारखा न्हाय, सायेब. सगल्यांचाच हाय. कोनी धमकी दिली न्हाय, मारला न्हाय. पन मना कोनी इचारलाच न्हाय."

मॅडमनी पुरसीस बाजूला ठेवली. मग त्या सावकाश बोलल्या, जणू समोरच्या बाईला एकटीलाच सांगत होत्या. "हे बघा, माफ केलंच पाहिजे असं कायदा तुम्हाला सांगत नाही. आणि केस शेवटपर्यंत चालवलीच पाहिजे असंही या गुन्ह्यात सांगत नाही. दोन्ही रस्ते मोकळे आहेत. कुठल्या रस्त्यानं जायचं ते तुम्ही ठरवायचं, तुमच्या मुलानं नाही, गावानं नाही. घरी जा, विचार करा." आणि पुढची तारीख दिली.

बाहेर येताच दीपेश तापला. "चार मान्सांत घालवलीस ना आमची!" लडकूशेठ रागावले नव्हते, खरोखर गोंधळले होते. त्यांनी विचारलं, "हौसा, तुना पायजे तरी काय? त्याला आत घालायचा हाय?"

"न्हाय."

"मंग?"

हौसाबाई रस्ता ओलांडून गेल्या. त्यांना भूक लागली होती. कोर्टासमोरच्या गाडीवर त्यांनी वडापाव घेतला आणि उभ्यानं, डाव्या हातानं खाल्ला. यंत्रमागांचा खडखडाट मागच्या गल्लीतून येत होता. खाता खाता त्यांच्या लक्षात आलं की लडकूशेठनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. आपल्याला नको काय ते माहीत आहे. हवं काय, ते या तीन वर्षांत आपणही स्वतःला विचारलं नव्हतं.

त्यानंतर गावात त्यांच्याशी बोलणं कमी झालं. कोणी वाईट बोललं नाही. फक्त त्या दुकानात शिरल्या की बोलणं थांबायचं. केसरीनाथचे ट्रेलर वाटेवरून हटले, पण ते वकिलानं सांगितलं म्हणून हटले असणार हे हौसाबाईंना कळत होतं. घरात दीपेश जेवायला बसायचा, उठायचा. शेवटी त्या उठून अकलोलीला भावाकडे गेल्या. हात मोडल्यापासून त्या अधूनमधून तिथे जातच होत्या. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात मनगट धरलं की दोन दिवस बरं वाटायचं.

आठवड्यातल्या मधल्या दिवशी कुंडावर गर्दी नसते. हौसाबाई पायरीवर बसून हात पाण्यात सोडून होत्या. वाफ येत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"वयनी."

केसरीनाथ होता. एकटाच. चपला हातात धरून उभा होता.

"लडकूशेठनी पाठवला?" हौसाबाईंनी वळून न बघता विचारलं.

"न्हाय. त्यांना ठाव पन न्हाय. वकीलबाई तर बोल्ली, फिर्यादीला भेटायचा न्हाय, जामीन जाईल."

"मंग कशाला आयलास?"

तो दोन पायऱ्या वर बसला. चपला बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "तू कोर्टात बोल्लीस ना, सगल्यांचा दबाव हाय. मी घरी जाऊन इचार केला. मी तर तुना काय बोल्लोच न्हाय. तीन वर्सांत येक शब्द न्हाय."

"तेच," हौसाबाई म्हणाल्या. "लडकूशेठ बोल्ला. दीपेश बोल्ला. तुजी बायको येऊन रडून गेली. ज्यानी पाडला तो बोल्लाच न्हाय. आनि मी कोनाशी मिटवू?"

केसरीनाथनं मान खाली घातली. हौसाबाईंनी आता तोंड वळवून त्याच्याकडे बघितलं. केस पांढरे झाले होते त्याचे.

"माजा हात बघितलास ना त्या दिवशी?"

"बघितला."

"आनि निंगून गेलास."

"उलटा जाला व्हता हात," तो म्हणाला. "मी गाडी काढली ती मानकोलीपर्यंत गेलो. नाक्यावर थांबलो, तर कुठं जायचा तेच कलंना. परत आयलो तवा तू नव्हतीस. टोपली पडली व्हती. वांगी टायरखाली गेलती."

हे हौसाबाईंना माहीत नव्हतं. "परत आयलावतास?"

"दवाखान्याच्या गेटापर्यंत पन आयलो. आत पोलीस दिसला. मंग न्हाय आयलो."

कुंडाच्या पलीकडे एक म्हातारा पाण्यात उतरत होता, हाय हुय करत होता. दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"येक सांग," हौसाबाई म्हणाल्या. "मना ढकलायचाच व्हता ना तुना?"

खोटं बोलायला तिथे कोणी ऐकणारं नव्हतं, आणि खरं बोलायलाही नव्हतं. तो म्हणाला, "व्हय. राग आयलता. पाडायचा नव्हता. पन ढकलायचा व्हता."

हौसाबाईंनी डोळे मिटले. त्यांना वाटलं होतं हे ऐकून राग येईल. राग आला नाही. तीन वर्षं गावभर 'घसरली, घसरली' ऐकून त्यांना कधी कधी रात्री शंका यायची की आपणच तर घसरलो नव्हतो ना. ती शंका त्या पायरीवर संपली. आपलं डोकं ठिकाणावर आहे, हे कळून त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"हा जो आता बोल्लास," त्या म्हणाल्या, "तो गावात बोल."

केसरीनाथचा चेहरा बदलला. "वयनी, पोरीचा लगीन..."

"लगीन होऊंदे. मी आडवी येनार न्हाय. केस पन चालूंदे."

"मी चुकलो म्हनतो ना. पाया पडतो तुज्या."

"हितं पडून काय? हितं मना नि तुनाच ठाव हाय. आदी पन मना नि तुनाच ठाव व्हता."

तो उठला. चपला पायात घातल्या, काढल्या, परत घातल्या. आणि निघून गेला. हौसाबाईंनी मनात धरलं की संपलं, आता केस चालवायची. त्यांनी भावालाही तसं सांगितलं. त्याचं दुःखही करून घेतलं नाही फारसं.

पुढच्या रविवारी गावच्या देवळात लग्नाच्या कामांची वाटणी करायला भावकी जमली. मंडप कोणाकडे, पाहुण्यांच्या गाड्या कोणाकडे, असं चाललं होतं. हौसाबाई अकलोलीहून परतल्या होत्या, पण तिथे गेल्या नव्हत्या; दीपेश होता. गाड्यांचं काम दीपेशला द्यायचं ठरलं, तेव्हा केसरीनाथ मधेच म्हणाला, "जरा थांबा." मग तो म्हणाला, "वयनी घसरली नव्हती. मी ढकलली. पोलिसांना मी खोटा सांगितला."

लडकूशेठनी त्याला गप्प करायला हात केला. "आता कशाला ते, मिटवतो हाव ना आपन." पण तो थांबला नाही. दीपेशकडे बघून म्हणाला, "तुजी आई खरा सांगत व्हती."

दीपेश तिथून उठला. तो घरी आला तेव्हा हौसाबाई पट्टीवर गेल्या होत्या. तो गोदामांच्या मधून तिथे गेला. आई डाव्या हातानं गवत काढत होती. तो तिच्या शेजारी बसला आणि गवत उपटायला लागला. त्याला तण कुठलं आणि मुळा कुठला ते कळत नव्हतं, त्यानं दोन मुळे उपटले.

"ते न्हाय," हौसाबाई म्हणाल्या.

"केसरीकाकानी सांगितला सगल्यांना," दीपेश म्हणाला. हौसाबाईंनी उपटलेले मुळे परत मातीत खोचले. त्यांच्या मनात आलं की मुलानं आपल्यावर विश्वास ठेवायला केसरीनाथचा शब्द लागला. हे दुखणं कुठल्या कोर्टात मिटण्यासारखं नव्हतं. पण तो चिखलात बसला होता, इस्त्रीच्या पँटीत, आणि त्यांनी त्याला बसू दिलं.

पुढच्या तारखेला हौसाबाई स्वतः सुनीतीच्या टेबलापाशी गेल्या. "कागद काढा. मिटवायचा हाय."

सुनीतीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "नक्की? कोणी सांगितलं म्हणून नाही ना?"

"न्हाय. पन येक इचारते. मिटवल्यावर कोर्ट त्याला काय म्हननार?"

"निर्दोष मुक्तता. ही केस परत उघडत नाही."

"म्हंजी त्यानी केलाच न्हाय, असा?"

सुनीती जरा अडखळली. "कागदावर तसंच होतं, हौसाबाई. तडजोडीचा कायद्यातला परिणाम तो आहे. तुम्हाला नको असेल तर..."

हौसाबाईंनी विचार केला. इतके दिवस केसरीनाथ कागदावर आरोपी होता आणि गावात निर्दोष. आता उलटं होणार होतं. "चालंल," त्या म्हणाल्या. "मना गावात रावायचा हाय, कागदात न्हाय."

आत गेल्यावर कळलं की त्या तरुण मॅडमची बदली झाली होती. खुर्चीवर दुसरे न्यायाधीश होते, समोर फायलींचा ढीग होता. त्यांना आधीचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी भराभरा विचारलं, स्वखुशीनं का, दबाव आहे का. हौसाबाई सांगायला लागल्या, "सायेब, आदी व्हता, मंग हा अकलोलीला आयला..."

"आत्ता आहे का? हो की नाही?"

"न्हाय."

"सही करता येते?"

त्यांनी सही केली. उजव्या हातानं, वेडीवाकडी. परवानगी मिळाली, पुढचा पुकारा झाला. तीन वर्षांची केस चहा गार व्हायच्या आत संपली. बाहेर केसरीनाथ उभा होता. "येतो, वयनी," एवढं म्हणून तो गेला. हौसाबाईंना आत कुठेतरी रितं वाटलं. ज्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं होतं, त्यांना हे कळायला हवं होतं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

लग्नाला त्या गेल्या. नवी साडी नेसल्या, बायकांच्या पंगतीत बसल्या. डाव्या हातानं जेवताना बघून मानकोलीकडच्या एका पाहुणीनं सहज विचारलं, "हाताला काय जाला तुमच्या?" आजूबाजूच्या बायका एकदम पानाकडे बघायला लागल्या. वाढायला आलेली केसरीनाथची बायको पातेलं धरून तशीच उभी राहिली.

"भांडनात मोडला," हौसाबाई म्हणाल्या. "भांडन मिटला आता. हात न्हाय व्हायचा सरल."

पाहुणीनं "अगो बाय" म्हटलं आणि तिच्या स्वतःच्या गुडघ्याचं सुरू केलं. केसरीनाथच्या बायकोनं हौसाबाईंच्या पानात भात वाढला, जास्तच वाढला. त्या नको म्हणाल्या नाहीत.

केसरीनाथशी त्यांचं पहिल्यासारखं झालेलं नाही. तो समोर आला की थांबतो, त्या दोन शब्द बोलतात, कधी नाही बोलत. दीपेशच्या गाड्या त्याच्याच धंद्यात आहेत. गावात मात्र आता कोणाचं भांडण कोर्टात मिटवायचं म्हटलं की लडकूशेठ ओटीवर बसल्या बसल्या आधी मार लागलेल्या माणसाला एकट्याला बाजूला बोलावून काहीतरी विचारतात. काय विचारतात ते हौसाबाईंनी कधी विचारलेलं नाही.